पानगळीच्या दिवसांत बागेची कामं: नव्याने बाग करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

उन्हाळा ओसरला, दिवस आखूड व्हायला लागले, पानांचे रंग बदलले की बरेच जण बाग गुंडाळायला घेतात. वाळलेलं सगळं उपटायचं, उरलेलं कापायचं, पाला जाळायचा किंवा फेकायचा, वाफे उघडेबोडके करायचे आणि वसंतापर्यंत तिकडे फिरकायचं नाही. नवख्या माणसाला हेच बरोबर वाटतं, कारण वरून बाग संपत आल्यासारखी दिसते. जमिनीखाली मात्र वेगळंच चाललेलं असतं. हवा लवकर थंड होते, माती उशिरा. मातीत उन्हाळ्याची ऊब अजून असते, पानं गळायला लागल्यामुळे झाडाची पाण्याची गरज उतरलेली असते आणि मुळं वाढत राहतात. मातीचं तापमान साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाईपर्यंत बऱ्याच झाडाझुडपांच्या मुळांची वाढ थोडीफार चालूच असते. म्हणून या ऋतूतली कामं मुख्यतः मुळांची आणि मातीची. एवढं धरून चाललं की कुठलं काम आधी, कुठलं नंतर आणि कुठलं अजिबात करायचं नाही, हे आपोआप उलगडत जातं.

जिथे झाडं पानं गाळतात आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, अशा हवामानातल्या बागांसाठी हे सगळं आहे. उत्तर गोलार्धात ही कामं सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतात, दक्षिण गोलार्धात मार्च ते मे या काळात. तुमच्याकडे पारा कधीच गोठणबिंदूपर्यंत जात नसेल तर थंडीपासून बचावाची कामं आणि ट्यूलिपसारखे थंडी मागणारे कंद सोडून द्या. माती, पालापाचोळा, कंपोस्ट आणि अवजारं यांबद्दलचं बाकी सगळं तुम्हालाही लागू पडेल.

आधी हे साहित्य जवळ ठेवा

- बागेचा काटा (चार दातांचा), फावडं, खुरपं
- पानं ओढायला रुंद, लवचीक दातांचं दाताळं
- धारदार छाटणीची कात्री आणि ती पुसायला ७० टक्के अल्कोहोल
- हातमोजे, पाण्याची झारी
- तारेची जाळी आणि चार खुंट, किंवा जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या
- जुनी चादर, गोणपाट किंवा झाडं झाकायचं विणलेलं हलकं कापड
- कागदी पाकिटं, पुसली न जाणारी शाई, नावाच्या पट्ट्या
- मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) तपासायचं साधं किट

१. पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीचा अंदाज घ्या

तुमच्या भागातली सरासरी पहिली गोठवणारी रात्र कधी येते, ते हवामानाच्या जुन्या नोंदींत बघा. बाकीची बहुतेक कामं या तारखेपासून उलटी मोजायची असतात. साधारण सहा आठवडे आधी: हिरवळीच्या खताची पेरणी, लॉनमध्ये बी टाकणं, सदाहरित झुडपांची लागवड, बहुवर्षायू झाडांची विभागणी. त्या तारखेच्या आगेमागे: लसूण आणि बहुतेक कंद. ती रात्र होऊन गेल्यावर: डालियाचे कंद काढणं, ट्यूलिप लावणं, उघड्या मुळांची झाडं लावणं.

सरासरी ही सरासरीच असते, त्यामुळे रोजचा अंदाजही बघावा लागतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र धोक्याची. ढग जमिनीची ऊब अडवून धरतात. ते नसले की ऊब निघून जाते. थंड हवा जड असते, ती उताराने खाली सरकते आणि बंद कुंपणाशी, भिंतीच्या वरच्या अंगाला किंवा खोलगट कोपऱ्यात साचते. म्हणून एकाच बागेत एक वाफा काळा पडतो आणि दहा पावलांवरचा हिरवा राहतो. पहिल्या वर्षी सकाळी लवकर उठून कुठे दव पांढरं गोठलंय ते बघून ठेवा. नाजूक झाड कुठे लावायचं नाही, हे त्यावरून कळतं.

अशा रात्रीआधी नाजूक झाडं झाकायची असतील तर सूर्य मावळण्याआधी झाका आणि कापड जमिनीपर्यंत टेकू द्या. मातीतून वर येणारी ऊब त्याच्या आत राहायला हवी. प्लास्टिक पानांना चिकटलं तर तेवढी पानं करपतात, तेव्हा कापडच वापरा. सकाळी ऊन आलं की काढून टाका.

२. पिकं काढा, पण सगळी नाही

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, भोपळा यांना थंडीचा एक फटका पुरतो, त्यामुळे ही आधी काढायची. टोमॅटो पूर्ण वाढून फिकट हिरव्या रंगावर आलेले असतील तर घरात पिकतात. लहान, गडद हिरवे पिकत नाहीत. १५ ते २० अंशांत ठेवा. उन्हाची गरज नाही. शेजारी एखादं पिकलेलं केळं किंवा सफरचंद ठेवलं तर त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पिकणं वेगाने होतं. फ्रिजमध्ये ठेवलेला कच्चा टोमॅटो नीट पिकत नाही आणि चवही जाते.

भोपळे टिकवायचे असतील तर ८ ते १० सें.मी. देठ ठेवून कापा आणि देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथूनच कूज आत शिरते. उबदार, कोरड्या जागी दहाएक दिवस ठेवून साल कडक होऊ द्यायची, मगच थंड जागी हलवायचं.

केल, पार्सनिप, ब्रसेल्स स्प्राउट यांची घाई करू नका. थंडी लागली की या भाज्या साठवलेल्या पिष्टाची साखर करायला लागतात. थंडीपासून स्वतःला वाचवायची ती त्यांची रीत आहे, आणि आपल्याला त्या जास्त गोड लागतात.

शेंगभाज्यांचे वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आतच कुजतील, त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतील आणि पुढच्या पिकाची मुळं त्याच वाटांनी खाली जातील.

बी राखायचं असेल तर ते रोपावरच पूर्ण वाळू द्या, कोरड्या दुपारी गोळा करा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल अडकून बुरशी येते. एफ-१ संकरित वाणाचं बी मात्र राखू नका. पुढची पिढी सारखी निघत नाही.

३. नाजूक कुंड्या आत घ्या

रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास रेंगाळायला लागला की उष्ण हवामानातली झाडं आत आणायची. अनेक जण पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीची वाट बघतात, तोवर झाडाला धक्का बसून गेलेला असतो. आत घेण्याआधी प्रत्येक पान उलटं करून बघा. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, पानांच्या बगलेत कोळी किडीची बारीक जाळी. पाण्याच्या जोरदार धारेने पानं खालून धुवा आणि दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.

आत आल्यावर प्रकाश कमी मिळतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत पानं गळतात. इथे नेमकी चूक होते: पानं गळताना दिसली की लोक पाणी वाढवतात. उलट पाणी कमी करायचं असतं. खत वसंतापर्यंत बंद.

बाहेर राहणाऱ्या मातीच्या कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे तळातून पाणी निघून जाईल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भिजलेली मातीची कुंडी त्याने फुटते. रिकाम्या कुंड्या कोरड्या करून आडोशाला पालथ्या घाला.

४. काय साफ करायचं आणि काय तसंच ठेवायचं

शरदातल्या बागकामात सगळ्यात जास्त नुकसान अतिस्वच्छतेने होतं, असं माझं ठाम मत आहे. साफ करायचं ते रोगट. गुलाबाची काळे ठिपके पडलेली पानं, खपली रोग झालेल्या सफरचंदाची गळलेली पानं, फांदीवरच सुकून चिकटलेली कुजकी फळं, करपा आलेले टोमॅटो आणि बटाट्याचे वेल. या सगळ्यांत बुरशी हिवाळा काढते आणि वसंतात तिथूनच पुन्हा उठते. हे घरच्या न तापणाऱ्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, बागेबाहेर काढा.

तणांपैकी एकवर्षायू तण बी धरण्याआधी उपटा. खोल मुळांची बहुवर्षायू तणं काट्याने सैल करून पूर्ण मुळासकट काढा. तुकडा राहिला तर त्यातून नवं झाड येतं. ओल असताना ती सहज निघतात, म्हणून हे काम आत्ताच करून घेतलेलं बरं.

निरोगी वाळकी खोडं मात्र उभी राहू द्या. पोकळ काड्यांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आणि इतर कीटक हिवाळा काढतात, पक्षी बियांची बोंडं टिपतात, आणि वरचा वाळका भाग बुडाशी असलेल्या कोंबांना थंडीपासून वाचवतो. वसंतात हवेत ऊब स्थिरावली की कापा. बाग थोडी विस्कटलेली दिसेल, दिसू द्या.

५. पालापाचोळा: हे तुमचं खत आहे

जाळू नका, कचऱ्यात देऊ नका. बागेत फुकट मिळणारी इतकी चांगली वस्तू दुसरी नाही.

पानांचं खत आणि कंपोस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपोस्टमध्ये मुख्यतः जिवाणू काम करतात आणि ढीग तापतो. पानं मुख्यतः बुरशीने कुजतात, थंडपणे आणि सावकाश, म्हणून त्यांचा ढीग वेगळा असावा. त्यासाठी चार खुंट ठोकून भोवती तारेची जाळी गुंडाळली की झालं. लांबी-रुंदी एकेक मीटर असली तर उत्तम. जागा नसेल तर पानं पिशवीत भरा, पाणी शिंपडा, चारदोन भोकं पाडा, तोंड सैल बांधा आणि सावलीत कोपऱ्यात ठेवून द्या.

दोनच गोष्टी बघायच्या असतात, ओल आणि पानांचा आकार. कोरडी पानं वर्षानुवर्षं तशीच राहतात, म्हणून भरताना थर ओला करा. पानं बारीक केली तर वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. लॉनवर पसरून त्यावरून गवत कापायचं यंत्र फिरवलं तरी पुरतं. बर्च, चेरी, हॅझेल यांची पातळ पानं लवकर कुजतात. ओक आणि बीचला वेळ लागतो पण खत सुरेख होतं. प्लेन, हॉर्स चेस्टनट यांची जाड पानं बारीक केल्याशिवाय टाकू नका. पाईनसारख्या झाडांच्या सुया वेगळ्याच ठेवा, त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. काळ्या अक्रोडाच्या पानांत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, ते टोमॅटोसारख्या पिकांना बाधतं. ती पानं भाजीच्या वाफ्यावर पसरू नका.

वर्षभराने ढिगाच्या तळाशी हात घालून मूठभर काढून बघा. पानांच्या शिरा अजून ओळखू येतात, पण बोटांत चुरगाळलं की तुकडे होतात. ही अवस्था आच्छादनाला योग्य. आणखी वर्षभर थांबलात तर शिराही जातात, हाताला काळा, हलका, मोकळा भुगा लागतो आणि जंगलातल्या मातीचा वास येतो. तो चाळून बियांच्या मातीत मिसळता येतो. यात अन्नद्रव्यं फारशी नसतात, म्हणून खत म्हणून त्यावर विसंबू नका. त्याचं खरं काम आहे मातीत पाणी धरून ठेवणं आणि ती मोकळी करणं.

दोन ठिकाणची पानं मात्र लगेच उचला. लॉनवर जाड थर राहिला तर गवत पिवळं पडून कुजतं. तळ्यात पडलेली पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. पानगळ सुरू व्हायच्या आधीच तळ्यावर जाळी ताणा.

६. कंपोस्टचा ढीग

थोडक्यात सांगतो. या दिवसांत हिरवा माल (गवत, उपटलेली रोपं, भाजीची देठं) भरपूर असतो, म्हणून ढीग चिकट होऊन वास मारायला लागतो. त्यात वाळकी पानं, काड्या, पुठ्ठा मिसळा. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असलं की कुजणं नीट होतं. तराजू लागत नाही, हिरव्याच्या साधारण दुप्पट वाळकं घातलं की जवळपास जमतं. ओल पिळलेल्या स्पंजाइतकी हवी. थंडीआधी एकदा उलथापालथ करा आणि पावसाचं पाणी शिरू नये म्हणून झाका. वाळक्या पानांची एक-दोन पोती कोरडी राखून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात हिरवा कचरा भरपूर आणि वाळकं काहीच नाही अशी वेळ येते, तेव्हा ती कामाला येतात.

७. माती

आधी वाफसा बघा, म्हणजे मातीतली ओल काम करण्याजोगी आहे का ते. पावसानंतर मूठभर माती घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि अंगठ्याने टोचल्यावर सुटला, तर काम करायला हरकत नाही. गोळा चकचकीत राहिला, बोटांना चिकटला, अंगठा नुसताच रुतला, तर अवजार ठेवून द्या. ओल्या मातीवर चाललात की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबून बंद होतात आणि ती घट्ट झालेली माती पुन्हा मोकळी व्हायला ऋतू जातात. वाफ्यात जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर उभे राहा.

सामू तपासायला हा ऋतू चांगला, कारण आम्ल माती सुधारायला चुना टाकला तर त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ सामू चालतो. तपासणी न करता चुना टाकू नका. आणि चुना व शेणखत एकाच वेळी कधीच नाही: दोन्ही एकत्र आले की खतातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं. चुना शरदात टाकला तर शेणखत वसंतात.

उघडी जमीन हिवाळाभर पावसाचा मार खाते, तिच्यातलं नत्र धुपून जातं. तिला झाकायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हिरवळीचं खत. राय (गव्हासारखं धान्य, राई नव्हे), व्हेच, किरमिजी क्लोव्हर, मोहरी यांपैकी काही पेरा, पण थंडीच्या निदान चार आठवडे आधी. वसंतात फुलं येताच कापून तिथेच कुजू द्या. रायनंतर लगेच बारीक बी पेरू नका, तिच्या कुजण्यातून निघणारी द्रव्यं उगवण रोखतात. दोन ते चार आठवडे जाऊ द्या. मोहरी कोबीच्या कुळातली आहे, म्हणून जिथे कोबी घेतला किंवा घ्यायचा आहे तिथे ती नको, नाहीतर मुळांवर गाठी येण्याचा रोग टिकून राहतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: ३ ते ५ सें.मी. कुजलेलं कंपोस्ट वाफ्यावर पसरायचं आणि खणायचं नाही. गांडुळं ते खाली ओढून नेतात. फार चिकण जमीन पहिल्यांदाच लागवडीखाली आणत असाल तर एकदा खणून मोठी ढेकळं तशीच सोडा. त्यातलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि ढेकळं आपोआप फुटतात. एरवी दरवर्षी खणायची काही गरज नाही.

८. वसंतात फुलणारे कंद आणि लसूण

ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकस, हायसिंथ यांच्या कंदाच्या आत पुढच्या वर्षीचं फूल आधीच सूक्ष्म रूपात तयार झालेलं असतं किंवा होत असतं. देठ लांबून फूल वर यायला मात्र त्यांना थंडी लागते. ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंशांच्या खाली.

कंद घेताना दाबून बघा. जड आणि टणक असलेला घ्या. मऊ, हलका किंवा बुरशी धरलेला सोडून द्या. खोली कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट. म्हणजे क्रोकस ८ ते १० सें.मी., डॅफोडिल सुमारे १५, ट्यूलिप १५ ते २०. टोक वर. टोक कुठलं ते कळत नसेल तर आडवा लावा, कोंब वाट काढतो. दोन कंदांत कंदाच्या रुंदीच्या दुप्पट जागा सोडा.

क्रम असा ठेवा: डॅफोडिल लवकर, कारण त्यांना मुळं धरायला वेळ लागतो. ट्यूलिप सगळ्यात शेवटी, माती चांगली थंड झाल्यावर. उशिरा लावलं की ट्यूलिपवर येणाऱ्या करड्या बुरशीच्या रोगाचा धोका कमी होतो. कंद थंडीने क्वचितच मरतात, साचलेल्या पाण्याने मात्र हमखास कुजतात. निचरा वाईट असेल तर उंच वाफा करा किंवा कुंडीत लावा. खारी आणि उंदीर ट्यूलिप, क्रोकस उकरून खातात. लावल्यावर वर तारेची जाळी अंथरा आणि कोंब दिसले की काढा. डॅफोडिलला ते तोंड लावत नाहीत, कारण तो विषारी असतो. लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील तर हे लक्षात असू द्या.

लसणाचंही असंच आहे. गड्डा लावायच्या वेळीच फोडा, मोठ्या पाकळ्या निवडा, साल काढू नका. चपटी बाजू खाली, टोक वर, टोकावर २ ते ५ सें.मी. माती, दोन पाकळ्यांत १५ सें.मी. पुरेशी थंडी मिळाली नाही तर पाकळ्या न पडता एकच गोल गड्डा तयार होतो. खाण्यासाठी विकत आणलेला लसूण लावू नका. तो तुमच्या हवामानाला साजेसा असेलच असं नाही आणि त्याच्याबरोबर रोग बागेत येऊ शकतो.

९. नवी झाडं लावणं आणि जुन्या बुंध्यांची विभागणी

पानं गळणारी झाडं आणि झुडपं लावायला हा ऋतू सगळ्यात चांगला. उघड्या मुळांची रोपं पूर्ण पानगळ झाल्यावर मिळतात, कुंडीतल्यांपेक्षा स्वस्त पडतात आणि पटकन रुजतात. अट एकच: मुळं एक क्षणही वाऱ्यावर सुकू द्यायची नाहीत. आणल्याबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळा, लावायच्या आधी तासभर पाण्यात ठेवा.

खड्डा मुळांइतकाच खोल, पण दोन-तीन पट रुंद. खोड जिथे पसरून मुळं होतात तो भाग जमिनीच्या पातळीला दिसला पाहिजे आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. खड्ड्यात वेगळी सुपीक माती घालायचा मोह टाळा. मुळं तिथेच घुटमळतात. काढलेली माती परत घाला, पायाने हलकी दाबा, थंडी असली तरी भरपूर पाणी द्या. आधाराचा खुंट झाडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागातच बांधा. खोड थोडं हलत राहिलं तरच जाड होतं. आच्छादन ५ ते ८ सें.मी., पण खोडापासून हातभर लांब. खोडाला टेकवून लावलेला ढीग साल कुजवतो आणि उंदरांना घर देतो.

सदाहरित झुडपं लवकर लावा, नाहीतर वसंतावर ढकला. ती हिवाळाभर पानांतून पाणी सोडत राहतात आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते मिळत नाही. जमीन गोठायच्या आधी त्यांना एकदा खोल पाणी द्या.

वसंतात आणि उन्हाळ्यात फुलणारी बहुवर्षायू झाडं तीन-चार वर्षांनी मधून विरळ व्हायला लागतात. ती काट्याने उचला, दोन काटे पाठीला पाठ लावून घुसवा आणि फाकवा. बाहेरचे तरणे भाग लावा, मधला जुना भाग कंपोस्टमध्ये. शरदात फुलणारे अ‍ॅस्टर आणि बहुतेक शोभेची गवतं वसंतात विभागा. पिओनी आत्ताच, पण तिचे डोळे ३ ते ५ सें.मी.पेक्षा खोल जाऊ देऊ नका. खोल गेली की झाड हिरवंगार राहतं आणि फूल एकही येत नाही.

१०. कात्रीला आवर घाला

मोडलेलं, वाळलेलं, रोगट कधीही कापा. बाकी छाटणीने नवे कोवळे धुमारे फुटतात आणि पहिल्याच थंडीत करपतात. नत्रयुक्त खतही याच कारणासाठी आता द्यायचं नाही.

लायलॅक, फॉर्सिथिया, ऱ्होडोडेंड्रॉन, मॅग्नोलिया यांच्यावर पुढच्या वसंताच्या कळ्या आधीच बसलेल्या असतात. आता छाटलंत तर फुलं छाटलीत. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाची वाळकी फुलं वसंतापर्यंत ठेवा, ती खालच्या कळ्या झाकतात. प्लम आणि चेरीला शरदात आणि हिवाळ्यात हात लावू नका. पानं रुपेरी पडण्याचा बुरशीजन्य रोग ताज्या जखमेतून शिरतो. त्यांची छाटणी उन्हाळ्यात. सफरचंद, नासपती पूर्ण सुप्तावस्थेत गेल्यावर. गुलाबाच्या उंच काड्या वाऱ्याने हलून बूड सैल करतात, तेवढ्या एक तृतीयांश कमी करा. खरी छाटणी हिवाळा सरताना.

११. डालिया आणि ग्लॅडिओलस

फुलं असतानाच प्रत्येक झाडाला रंगाची चिठ्ठी बांधा. नंतर सगळे कंद सारखेच दिसतात. पहिल्या थंडीने पानं काळी पडली की काही दिवस जाऊ द्या, मग खोड १० ते १५ सें.मी. ठेवून कापा. खोडापासून ३० सें.मी. अंतरावर चारी बाजूंनी काटा घालून गड्डा खालून उचला. खोडाला धरून ओढलं तर कंदाची मान मोडते, आणि नवा कोंब मानेच्या वर, खोडाच्या बुडाशी असलेल्या डोळ्यातूनच येतो. डोळा नसलेला जाडजूड कंदही फुटत नाही. पोकळ खोडात पाणी असतं, म्हणून आठवडा-दोन आठवडे उलटे करून वाळवा. मग कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून ४ ते १० अंशांत, अंधारात ठेवा. महिन्यातून एकदा बघा: मऊ झालेला काढून टाका, सुरकुतलेल्यावर किंचित पाणी शिंपडा. ग्लॅडिओलसचे कंद वाळले की खालचा जुना, सुकलेला कंद सहज सुटतो, तो टाकून द्या. हिवाळा सौम्य आणि निचरा चांगला असेल तर डालिया जमिनीतच ठेवून वर १० ते १५ सें.मी. आच्छादन दिलं तरी भागतं.

१२. लॉन

वाळकं गवत दाताळ्याने ओढून काढा, घट्ट झालेल्या जागी काट्याने १० सें.मी. खोल भोकं पाडा, विरळ जागी बी टाका. थंड हवामानातल्या गवतांचं बी मातीत १० ते १८ अंश असताना छान उगवतं. शेवटच्या कापण्या थोड्या उंच ठेवा. दव गोठलेल्या गवतावर चालू नका. पावलांखाली पेशी फुटतात आणि तिथे तपकिरी ठसे उमटतात.

१३. पाणी आणि अवजारं

बाहेरचा नळ आतून बंद करून उरलेलं पाणी सोडून द्या, पाईप रिकामा करून गुंडाळा, झाऱ्या पालथ्या घाला.

अवजारांची माती खरवडा, धुवा, पूर्ण वाळवा, धार लावा, पात्यांवर तेलाचा पातळ हात फिरवा. लाकडी दांडे सँडपेपरने घासून त्यांना जवसाचं तेल लावा. इथे एक गंभीर इशारा: जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून टाकू नका. ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती बाहेर सपाट पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

शेवटी एका कागदावर वाफ्यांचा कच्चा नकाशा काढा आणि कुठे कुठले कंद लावलेत, कुठे चुना टाकला, कुठे राय पेरली, ते तारखेसह लिहा. वाफ्यातही पट्ट्या रोवा. वसंतात जमीन वरून रिकामी दिसते, आणि पहिलं फावडं बहुतेक वेळा ट्यूलिपच्या कंदातच घुसतं.